परतीचा पाऊस, ओढा आणि खाली राहिलेली मोटार

डोंगरपट्टा | १९ सप्टेंबर, रात्री ९:१५

परवा १७ तारखेला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन कडक उन्हात झालं. दुपारी तीनला ढग भरून आले आणि शेजारच्या शिवारात बाभळीखाली बांधलेली म्हैस वीज पडून गेली. पाऊस म्हणाल तर दहा मिनिटं, थेंब मोजता येतील असा.

योगायोग बघा, हवामान खात्याच्या तक्त्यात मान्सूननं पश्चिम राजस्थानातून परत फिरायची सर्वसाधारण तारीखही १७ सप्टेंबरच आहे. तिकडून तो निघणार आणि आपल्याकडून जाईस्तोवर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उलटणार. उत्तरा नक्षत्र चालू आहे, हस्त आणि चित्रा बाकी आहेत. हस्ताला आमच्याकडं हत्तीच म्हणतात, सोंड कुठं फिरवील त्याचा नेम नाही. धागा काढायचं कारण म्हणजे जूनच्या पावसाबद्दल सगळे बोलतात, पण आपल्या भागातली माणसं आणि जनावरं जास्त करून ह्या महिन्याभरात जातात असं मला वाटतं. आकडा माझ्याकडं नाही, गावातली नावं आहेत.

२०२५ च्या सप्टेंबरातली गोष्ट सांगतो. आमचं गाव भूम तालुक्यात, बालाघाटाच्या कुशीत. ओढ्याच्या काठाला आमची पाच एचपीची मोनोब्लॉक मोटार. रात्री अकराच्या सुमाराला आबा उठले, म्हणाले, वरल्या अंगाला इजा चमकायल्यात, मोटार वर घेऊ. आमच्या अंगावर पावसाचा थेंब नव्हता. उत्तरेला डोंगरावर नुसता उजेड व्हायचा, आवाज नाही. खाली उतरलो तेव्हा पाणी घोट्याएवढं. बांबू घातला, मी नट खोलायला वाकलो, दोन नट खोलून वर बघतो तर पाणी मांडीला. आधी वास आला, शेणाचा आणि ओल्या मातीचा. मग दगड एकमेकावर घरंगळतात तसा आवाज. आबांनी बांबू सोडला, माझा दंड धरला आणि करंजाच्या मुळ्या धरून आम्ही वर आलो. मागं वळून बॅटरी मारली तर जिथं उभे होतो तिथून कडब्याची अख्खी गंजी उभीच्या उभी चाललेली.

मोटार दुसऱ्या दिवशी अर्धा किलोमीटर खाली सापडली, गाळानं भरलेली. पण परत तशी वेळ आली तर आबा उतरणार, हे मला माहीत आहे. तुमच्याकडं काय चालतं, कोण काय काळजी घेतं, लिहा.

---

गोदाकाठची_आत्या | १९ सप्टेंबर, रात्री १०:०२

अंगावर काटा आला वाचून. मी गंगाखेडची. आमच्याकडं गंगेचं पाणी असं चोरपावलानं येत नाही. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) नाशिक-नगरकडं पाऊस होतो, जायकवाडी धरणाचा नाथसागर भरतो, मग पैठणला दरवाजे उघडतात. नियमित १८ आणि आपत्कालीन ९, असे २७ दरवाजे आहेत जायकवाडीला. किती सोडलं ते मोबाइलवर येतं, दवंडी होते, तलाठी-कोतवाल फिरतात. एका रात्रीत पाणी नांदेडला पोचत नाही, माणसाला भांडीकुंडी उचलायला वेळ मिळतो. तरी २००६ च्या ऑगस्टात पैठणात पाणी शिरलंच, आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरीला परत खालच्या वस्त्या हलवाव्या लागल्या.

आमचं दुखणं वेगळं आहे. पाणी समोरून येत नाही, मागून शिरतं. गंगा फुगली की तिला मिळणारे नाले उलटे वाहायला लागतात. नदी दोन किलोमीटरवर आहे म्हणून निवांत झोपलेल्या माणसाच्या घरात परसदारच्या नालीतून पाणी येतं. माझ्या सासरच्या घरी देवघरात असं पाणी आलेलं मी पाहिलंय, समोर अंगण कोरडं ठाक!

---

तिफण | १९ सप्टेंबर, रात्री १०:३०

क्युसेकचा हिशोब लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. एक लाख क्युसेक सोडलं म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. दहा हजार लिटरचे २८० टँकर एका सेकंदात रिकामे केल्यासारखं. उन्हाळ्यात एका टँकरसाठी रांग लावणाऱ्या आपल्या लोकांना हे माप बरोबर समजतं.

डोंगरपट्टा भाऊ, तुमच्या ओढ्याचं कारण नुसता पाऊस नाही, माती पण आहे. जूनमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिले दोन-चार पाऊस त्या गिळून टाकतात. सप्टेंबरपर्यंत तीच माती फुगून बंद होते. मग वरून पडलेलं निथळून ओढ्याला. वर बालाघाटाचा माथा उथळ मुरमाड, तिथं तर मुरायला जागाच नाही. आणखी एक, ह्या माथ्यावरून पाणी दोन्हीकडं उतरतं. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा फिरून गोदावरीला मिळते आणि भूम-परांड्याकडचे ओढे सीनेवाटे भीमेला. म्हणून एकाच रात्रीच्या पावसानं बीडमध्ये बिंदुसरा आणि परांड्यात सीना अशा दोन्हीकडं धावपळ होऊ शकते. २०२५ ला परांड्यात लष्कराचं हेलिकॉप्टर आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या, आणि तेच पाणी पुढं सोलापूर जिल्ह्यात माढ्याला जाऊन बसलं.

---

सडेतोड_नांदेडकर | २० सप्टेंबर, सकाळी ७:४८

दरवर्षीचंच आहे हे. रेड अलर्ट म्हणतात त्या दिवशी ऊन पडतं, यलो म्हणतात त्या दिवशी गाव वाहून जातं. टीव्हीवाल्यांना धंदा. आमच्या आजोबांकडं कुठला अलर्ट होता?

---

तिफण | २० सप्टेंबर, सकाळी ८:२०

साहेब, अलर्ट जिल्ह्याला असतो, ढग तुमच्या शिवारावर येतो. ह्या दिवसांतला पाऊस गडगडाटी ढगांचा. सकाळपासून ऊन, जमीन तापते, खालची ओल वर उचलली जाते आणि दुपारी तीन ते सातच्या दरम्यान ढग मनोऱ्यासारखा उभा राहतो. पाच-दहा किलोमीटरचा पट्टा धुऊन काढतो, पलीकडं धूळ. म्हणून नुसत्या जिल्ह्याच्या अंदाजावर विसंबू नका आणि त्याला शिव्याही घालू नका. सकाळी तेवढा बघा, आणि दुपारनंतर पुढच्या तीन तासांचा वेगळा अंदाज येतो तो बघा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, तुमच्या भोवती २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर दाखवतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, त्यात काढणी कधी थांबवायची ते पण असतं.

---

सोयाबीनवाली | २० सप्टेंबर, दुपारी १:१०

ॲप, अंदाज सगळं बरोबर आहे हो दादा. पण काढणीचा सौदा उक्ता असतो. एकराचे अमुक एवढे, दहा बायांची टोळी, दिवस मावळायच्या आत संपवायचं. वीज कडाडली म्हणून तासभर बसलं तर तो तास त्यांच्या पोटातून जातो, रानमालकाच्या नाही.

गेल्या साली आमच्या रानात हेच झालं. मी बांधावरून ओरडले, चला ग घराकडं. म्होरकी म्हणाली, काकी, दोन पाती राहिल्यात. मग त्या लिंबाखाली जाऊन बसल्या, सगळ्या एकमेकीला खेटून, डोक्यावर एकच ताडपत्री! मीच तरातरा गेले आणि हाताला धरून धरून उठवलं. अर्ध्या किलोमीटरवर आमचं स्लॅबचं घर, तिथवर चिखलातून पळत आलो. लिंबाला काही झालं नाही. त्यामुळं आजही त्या मला हसतात.

तेव्हापासून एक करते. सौदा करतानाच बोलते की वीज आली तर थांबायचं आणि थांबलेल्या वेळेचे पैसे वेगळे. नवऱ्याला पटत नव्हतं. मी म्हणलं, दोनशे-चारशे रुपये जास्त जातील, कुणाच्या लेकराच्या तोंडाकडं बघायची पाळी नको.

---

तिफण | २० सप्टेंबर, दुपारी १:४५

ताई, हसू द्या त्यांना. तुम्ही केलं ते शंभर टक्के बरोबर. झाडाखाली खेटून बसणं सगळ्यात वाईट. वीज झाडावर पडते, तिथून जमिनीत पसरते आणि बुंध्याजवळ एका पावलाच्या अंतरात विजेचा दाब कमी-जास्त असतो. तो फरक पायांतून अंगात शिरतो. जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब, मधे काळीज. म्हणून एकाच झाडाखाली तीन-चार जनावरं जातात आणि जवळचा माणूस कधी कधी वाचतो.

चमक दिसली की मोजायचं. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, पाऊस थांबला तरी. स्लॅबचं घर किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी चालते. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड चालत नाही, बिनटपाचा ट्रॅक्टर चालत नाही. मोटारीच्या खोलीत बसलात तर स्टार्टरपासून लांब. काहीच नसेल तर खोलगट जागी पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, आणि एकमेकापासून लांब.

मोबाइलमुळं वीज ओढली जाते हे खोटं आहे. तो खिशात ठेवून मेलेल्या माणसाचा मोबाइल जळालेला दिसतो म्हणून लोकांना तसं वाटतं. आणि वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला लागते हेही खोटं. त्याच्या अंगात काही साठून राहत नाही. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला घ्यायची, ह्यात माणसं वाचतात.

---

सडेतोड_नांदेडकर | २० सप्टेंबर, दुपारी २:३०

हे शेवटचं माहीत नव्हतं. आमच्याकडं तर शेणात पुरतात.

---

माळवदाखाली | २० सप्टेंबर, संध्याकाळी ६:०५

विजेवर सगळे बोललात, भिंतीवर कोणी नाही. औसा-निलंग्याकडच्या जुन्या गावांत अजून धाब्याची घरं आहेत. सागवानी खांब, तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, भिंती दगड-मातीच्या. उन्हाळ्यात त्याच्यासारखं गार घर नाही. पण माती दरवर्षी टाकून टाकून थर हातभर जाड झालेला असतो आणि चार दिवसांची झड लागली की तो पाणी पिऊन चांगलाच जड होतो. भिंत नुसती पावसातच पडते असं नाही, पाऊस उघडून ऊन पडलं की पण पडते. माती सुकताना सुटते. आमचे चुलत आजोबा 'आता उघडलं' म्हणून ओट्यावरून घरात निजायला गेले आणि मागची भिंत आली. खाट मधे होती म्हणून वाचले.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत भूकंप झाला तेव्हा अशाच दगड-मातीच्या भिंतींनी माणसं गाडली. आदल्या दिवशीच गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. भूकंपाचा पावसाशी संबंध नाही, माहीत आहे. पण आमच्याकडं सप्टेंबरचा शेवट आला की आई अजून भिंतीला हात लावून बघते. थंड लागली, ओल जाणवली की सगळ्यांच्या खाटा भिंतीपासून चार हात लांब.

---

लातूरचा_मास्तर | २० सप्टेंबर, रात्री ९:२०

थोडं विषयांतर करतो. दिवाळीच्या आधी आई-वडिलांना घेऊन केदारनाथला जायचा बेत आहे, भाऊबीजेला कपाट बंद होतं त्याच्या आत. पावसाळा संपलेला असतो म्हणून ऑक्टोबर निवडला. बरोबर ना?

---

दोन_वेळा_चारधाम | २० सप्टेंबर, रात्री १०:१०

मास्तर, महिना चांगला आहे पण 'पावसाळा संपला' म्हणून निर्धास्त होऊ नका. २०२१ ला १७ ते १९ ऑक्टोबर ह्या तीन दिवसांत उत्तराखंडात काय झालं ते आठवा. पश्चिमेकडून येणारी थंड हवा आणि खालून आलेली समुद्राची ओल एकत्र आली. मुक्तेश्वरला एका दिवसात ३४०.८ मिमी, खाली तराईत पंतनगरला ४०३.२ मिमी. आपल्या मराठवाड्याची अख्ख्या पावसाळ्याची सरासरी ६८० च्या आसपास, म्हणजे मुक्तेश्वरला एका दिवसात आपला अर्धा पावसाळा पडला. यात्रा थांबवली होती.

तिथं नदीपेक्षा डोंगर अंगावर येतो. पाऊस थांबल्यावरही दोन दिवस दरडी कोसळतात. म्हणून परतीच्या रेल्वेआधी दोन दिवस मोकळे ठेवा. रात्री डोंगरातला प्रवास नको, ड्रायव्हर कितीही 'हो जाएगा' म्हणाला तरी. आणि आई-वडिलांना वर थंडी सोसवेल का ते डॉक्टरांना विचारा, आपली लातूरची हाडं!

लांब कशाला, आपल्याकडचा कन्नड घाट घ्या. ३१ ऑगस्ट २०२१ ला तिथं दरड आली आणि खाली चाळीसगावात पूर. अजिंठ्याच्या डोंगरावर पाऊस असेल तर तो घाट रात्री टाळायचा.

---

गोदाकाठची_आत्या | २१ सप्टेंबर, सकाळी ६:५५

मास्तर, जाऊन या सुखरूप, गंगेचं पाणी आणा. आमच्या गंगेचं आत्ता चहासारखं झालंय.

---

कागदपत्रं_नीट_ठेवा | २१ सप्टेंबर, सकाळी ११:४०

मदतीबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो, ह्यात लोक फार भरडले जातात. माणूस दगावला तर वारसाला मदत मिळते, २०२२-२६ च्या आपत्ती मदतीच्या निकषांत ती ४ लाख होती. पण शवविच्छेदन झालंच पाहिजे. 'पोस्टमॉर्टेम नको, तसंच उरकू' म्हणणारे भावकीतले चार लोक असतात, त्यांचं ऐकू नका. त्याच निकषांत दुधाच्या मोठ्या जनावराला ३७,५००, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० असे दर होते. राज्य वेळोवेळी वाढवतं, चालू जीआर तलाठ्याकडं बघा. जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकाचा पंचनामा, कानातल्या बिल्ल्यासकट फोटो. बिल्ला नसला की सगळं अडतं. आमच्या बैलाचा बिल्ला काट्यात तुटून पडला होता. सहा महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. शेवटी बैल आमचाच होता हे सांगायला गावातले पाच जण घेऊन गेलो, तेव्हा कुठं साहेब हलले.

पिकाचं म्हणाल तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. अडचण अशी की पर्जन्यमापक मंडळाच्या गावी आणि ढग डोंगराकडच्या वाडीवर. वाडी वाहून जाते, मापकात चाळीस. म्हणून रान पाण्याखाली असतानाच फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. पाणी ओसरल्यावर रान हिरवंच दिसतं, मुळ्या कुजलेल्या कुणाला दिसणार?

---

सोयाबीनवाली | २१ सप्टेंबर, दुपारी १२:१५

आणि गंजीत हात घालू नका हो कुणी. पुरानंतर घोणस, मण्यार उंचवट्याला येतात आणि आपली गंजी हाच त्यांचा उंचवटा. आधी काठीनं हलवायची, मग ताडपत्री काढायची. चावलंच तर सरळ दवाखाना, मांत्रिक नको.

---

केटी_बंधारा | २१ सप्टेंबर, दुपारी ४:००

डोंगरपट्टा, मूळ विषयाला येतो. मोटार रात्री काढायची पाळी येते कारण ती दिवसा काढलेली नसते. आमच्या गावात चार वर्षांपासून ठरलंय: गौरी-गणपती झाले की नदीकाठच्या सगळ्या मोटारी वर. दसऱ्यानंतर रब्बीच्या पाण्याला परत खाली. मधे उघडीप पडली तर एक-दोन पाण्याची सोय विहिरीवरून, नाहीतर पीक सोसतं तेवढं सोसतं. वर घेताना सगळ्यांनी मिळून एक दिवस, आज तुझी उद्या माझी, तिवई आणि चेन पुली एकच फिरते. ज्याची राहिली त्याची राहिली. पाणी आल्यावर कुणी उतरायचं नाही, ही पण बोली आहे.

बंधाऱ्याच्या दारांचं पण तसंच. सप्टेंबरातच दारं टाकून पाणी अडवायची घाई करतात. पूर आला की दारं निघत नाहीत आणि पाणी बाजूचं रान कापून वाट काढतं. आमच्याकडं एकाची अर्धा एकर काळी माती अशी गेली, तिथं आता नुसता गोटा.

आणि पुलाचं. नळ्याचा पूल पाण्याखाली असेल तर ट्रॅक्टर मोठा आहे म्हणून घालू नका. मधला भराव वाहून गेलेला असतो, वरून पाणी सपाट दिसतं.

---

डोंगरपट्टा | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

केटी भाऊ, हे आबांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'लोकांच्या गावात एकी आहे, आपल्याकडं पुलीसाठी पण भांडणं होतील.' पण उद्या सकाळी चार पोरं घेऊन वर घेऊ म्हणाले. हेही नसे थोडके.

---

डोंगरपट्टा | २१ सप्टेंबर, रात्री ११:५०

उद्याची वाट बघायला पावसाला वेळ नव्हता. साडेदहापासून वरल्या अंगाला चमकायला लागलं, आमच्यावर कोरडंच. आत्ता ओढ्याकडून तोच आवाज येतोय. गच्चीवरून बॅटरी मारली, पुलाचे कठडे दिसत नाहीत. खालच्या वस्तीवरच्या तिघांना फोन केले, दोघांनी उचलला, तिसऱ्याकडं त्याचा भाऊ वरच्या वाटेनं गेलाय.

---

सोयाबीनवाली | २१ सप्टेंबर, रात्री ११:५६

मोटार?

---

डोंगरपट्टा | २२ सप्टेंबर, रात्री १२:०४

खालीच आहे. आबा चपला घालून ओट्यावर बसलेत. बॅटरी माझ्याकडं आहे.